दरवाजा गळतो, चार्जशीट फिटरला



मागच्या पावसाळ्यात आमच्या युनियन ऑफिसात एक टेक्निशियन हातात एसएफ-११ घेऊन आला. आरोप असा : कामातील हलगर्जीपणामुळे व्हीपीआय टाकीच्या दरवाज्याचे गॅस्केट वारंवार खराब होते, त्यामुळे उत्पादनाचे नुकसान होते. तीन महिन्यांत पाच गॅस्केटं गेली होती. आम्ही नेहमीच्या सवयीने कागद पुढे ओढला आणि उत्तराचा मसुदा सुरू केला. 'माझ्यावरील आरोप मला मान्य नाहीत' इथपर्यंत लिहून झालं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "भाऊ, उत्तर मागाहून लिहा. आधी ही रबरं बघा."

त्याने पिशवीतून पाचही जुनी गॅस्केटं काढून टेबलावर टाकली. ऑफिसभर रेझिनचा वास सुटला. प्रत्येक गॅस्केटवर त्याने पिवळ्या रंगाची एक खूण केली होती; बसवताना ती खूण बिजागरीच्या बरोबर समोर यायची. पाचही रबरं खुणेपासून उजवीकडे वीतभर अंतरावर कडेने कुरतडली होती, उंदराने खाल्ल्यासारखी. बाकी सगळा गोल ठणठणीत. "माझ्या बसवण्यात चूक असती तर एकदा इथे फाटलं असतं, एकदा तिथे. पाच वेळा एकाच जागी कसं फाटेल?" त्याचा प्रश्न बिनतोड होता. आम्ही मॅट्रिक झालेले, इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण ज्या चौकशी अधिकाऱ्यापुढे हे प्रकरण जाणार होतं तो इंजिनिअर होता, आणि त्याने हा प्रश्न विचारलेला नव्हता.

त्यानंतर आम्ही या विषयात लक्ष घातलं. तीन-चार शॉपमध्ये जाऊन बसलो, जुन्या मिस्त्रींना बोलतं केलं, यंत्राची पुस्तकं वाचून घेतली. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहोत.

टपाल खात्यातले बांधव म्हणतील, ऑटोक्लेव्हशी आमचा काय संबंध? घरातला कुकर डोळ्यांपुढे आणा. बंद भांडं, आत दाब, झाकणाला रबराची रिंग आणि झाकण उडू नये म्हणून खटका. ऑटोक्लेव्ह म्हणजे हेच, फक्त भांडं एवढं मोठं की आत माणूस उभा राहावा. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये हाडं शिजवण्याचं असं भांडं दाखवलं आणि फुटू नये म्हणून त्यावर झडपही बसवली. तेव्हापासून त्यातलं मूळ तत्त्व बदललेलं नाही. इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं अशाच भांड्यात निर्जंतुक होतात. बांधकामावर ज्याला सगळे 'सिपोरेक्स' म्हणतात ते हलके ब्लॉक लांबलचक ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर भाजले जातात. रिमोल्ड केलेले टायर अशाच चेंबरमधून निघतात. आणि इलेक्ट्रिक इंजिनाच्या ट्रॅक्शन मोटरच्या गुंडाळ्या जिथे रेझिन पितात ती टाकीही त्याच जातीची.

या टाकीचं काम थोडक्यात सांगतो. मोटरची गुंडाळी तापवून टाकीत ठेवतात. पंपाने आतली हवा ओढून घेतात, म्हणजे तारांच्या फटींत हवा-ओल उरत नाही. मग पातळ रेझिन आत सोडतात आणि वरून नायट्रोजन किंवा कोरड्या हवेचा दाब देतात, की रेझिन पार आतल्या तारेपर्यंत शिरावं. शेवटी रेझिन परत काढून घेऊन गुंडाळी भट्टीत पक्की करतात. एकाच दरवाज्याला आधी बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही आणि नंतर आतला दाब बाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी दोन्हीकडची राखण करावी लागते. आमच्याकडच्या टाकीचा दरवाजा म्हणजे वरचं झाकणच आहे, एका बाजूच्या बिजागरीवर उचललं जाणारं; पण शॉपमध्ये त्याला दरवाजाच म्हणतात. दरवाजा गळला तर रेझिन नीट शिरत नाही, गुंडाळीत पोकळ जागा राहते, आणि ती मोटर कुठल्यातरी घाटात मालगाडीखाली जळते. मग तिकडच्या लोको पायलटला मेमो. गॅस्केट पाहिलेलंही नसतं त्या बिचाऱ्याने.

आता दाबाचा हिशेब करू, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. दरवाज्याचा व्यास दीड मीटर धरा आणि आतला दाब ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दरवाज्याचं क्षेत्रफळ सुमारे १७,६७० चौरस सेंटिमीटर भरतं. सातने गुणलं की १,२३,००० किलोच्या वर आकडा जातो. १२३ टन. डब्ल्यूएजी-७ इंजिनाचं वजन १२३ टन असतं हे आपल्यातल्या कुणालाही झोपेत विचारलं तरी सांगेल. म्हणजे दाब पुरा असताना त्या दरवाज्यावर आतून एक अख्खं इंजिन रेटत असतं. ते अडवून धरलेलं असतं लॉकिंग रिंगच्या दात्यांनी. गॅस्केटचं काम इंजिन अडवण्याचं नाही, फट बुजवण्याचं आहे. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धं दुखणं कळलं.

आणि दाब 'संपल्यावर'? दहा किलोच्या गेजवर काटा शून्याला टेकल्यासारखा दिसतो तेव्हा आत ०.२ किलो दाब सहज उरलेला असू शकतो. तेवढ्यावरही दरवाज्यावर साडेतीन टन जोर असतो. ऑटोक्लेव्हवर जे अपघात होतात त्यांतले काही फार घातक अपघात हे पुऱ्या दाबाच्या वेळचे नसून या 'शून्या'च्या वेळचे असतात. दरवाजा उघडायला घेतलेला असतो आणि माणूस त्याच्या वाटेत उभा असतो.

आता गॅस्केट. साहेब लोक म्हणतात 'गॅस्केट फेल', फिटर म्हणतो 'रबर गेलं', आणि स्टोअरमध्ये नवीन मागवलं जातं. आमचं म्हणणं असं, की काढलेलं गॅस्केट फेकण्याआधी ते वाचा. मेलेलं रबर आपण कशाने मेलो ते स्वतः सांगतं. गोल दोरीसारखं होतं ते एका अंगाने चपटं होऊन तसंच राहिलं, बोटाने दाबूनही उसळत नाही, तर त्याचं आयुष्य सरलं किंवा उष्णता त्याला झेपत नव्हती. वरून बारीक भेगा पडून कडक झालं असेल तर उष्णता, किंवा स्टोअरमध्येच म्हातारं झालेलं रबर. फुगून लिबलिबीत झालं असेल तर ज्याच्याशी त्याचं जमत नाही असं काही त्याला लागलं. एकाच जागी सुरी फिरवल्यासारखी चीर असेल तर खाचेत काहीतरी कठीण अडकलं होतं. आणि कडेने कुरतडलं असेल तर दरवाजा आणि टाकीची कड यांच्यात नको तेवढी फट आहे आणि दाब रबराला त्या फटीत ढकलतो आहे. आमच्या टेक्निशियनची पाचही रबरं या शेवटच्या जातीची होती.

गळती केव्हा होते हेही विचारा. दाब द्यायला लागल्यावर सुरुवातीला सूंऽऽ आवाज येतो आणि दाब वाढला की बंद होतो, असं असेल तर ओठाच्या गॅस्केटचा ओठ कडक झाला आहे. त्याला पहिली पकड घेता येत नाही, दाबाने ढकलल्यावर मग घेतो. उलट सुरुवातीला सगळं शांत आणि पुऱ्या दाबाला गळती, तर रबराकडे बघण्यात अर्थ नाही. दाबाखाली दरवाजाच उचलला जातो आहे, म्हणजे दात्यांवरच्या पाचरी झिजल्या आहेत किंवा रिंग पुरी फिरत नाही. व्हॅक्यूम टिकत नाही अशी तक्रार असेल तर आधी बाकीच्या झडपा बंद करून एकेक तपासा. एका शॉपमध्ये दोन महिने दरवाज्याला शिव्या घातल्या, गॅस्केटं बदलली, आणि शेवटी दोष निघाला हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हच्या सीटमध्ये.

सगळ्यांत सोपी आणि बिनखर्चाची परीक्षा जुन्या मिस्त्रींची. साबणाच्या पाण्याने गळतीची जागा पकडायची, तीही अगदी कमी दाबाला, लांब दांड्याच्या ब्रशने, अंग बाजूला ठेवून. तिथे खडूने खूण करायची, रबरावरही आणि लोखंडावरही. दाब पुरा सोडून, दरवाजा उघडून गॅस्केट पाव गोल फिरवून परत बसवायचं. गळती रबरासोबत सरकली तर दोष रबरात. गळती जागच्या जागी राहिली तर दोष लोखंडात. याला ना मीटर लागतो ना कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. लागते ती एक पाळी टाकी रिकामी मिळण्याची मुभा, आणि नेमकी तीच मिळत नाही, कारण आऊटटर्नचा आकडा संध्याकाळपर्यंत वर पाठवायचा असतो.

आमच्या प्रकरणात गळती लोखंडात निघाली. फीलर गेज घेऊन आठ जागी फट मोजली. बिजागरीची पिन आणि बुश झिजून झाकण एका बाजूला ओढलं जात होतं. त्या अंगाच्या पाचरीही घासल्या होत्या. एका बाजूला रबर नको इतकं चिरडत होतं, दुसरीकडे दाबाला फट मिळत होती. पाच काय, पन्नास गॅस्केटं घातली असती तरी तीही तशीच गेली असती. एसएफ-११ मागे घेतली गेली. पिन आणि बुश बदलायला मात्र पुढे आणखी दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत टाकी चालूच होती.

रेझिनच्या टाकीचं आणखी एक दुखणं आहे जे वाफेच्या ऑटोक्लेव्हला नसतं. काम उचलताना रेझिन ठिबकतं, गॅस्केटच्या खाचेत जातं आणि तिथेच दगडासारखं घट्ट होतं. मग हेल्पर छिन्नी घेऊन ते खरवडतो. छिन्नीचा एक ओरखडा खाचेला आडवा गेला की ती कायमची गळतीची वाट झाली. खरवडायला पितळेची किंवा लाकडाची पट्टी द्या आणि रेझिन ओलं असतानाच पुसायला वेळ द्या, एवढी साधी मागणी. पण पाळीत त्यासाठी पंधरा मिनिटं धरलेलीच नसतात. कामाच्या वेळेचा हिशेब करणाऱ्यांनी उचलणं, ठेवणं, दाब देणं सगळं मिनिटांत मांडलं आहे. पुसणं मांडलेलं नाही.

बसवण्याबद्दलही दोन शब्द, कारण इथे आपलीही चूक असते हे कबूल केलं पाहिजे. दोरीचं गॅस्केट एका टोकापासून ताणत ताणत बसवत गेलं की शेवटी वीतभर उरतं, मग तेवढं कापून टाकायचा मोह होतो. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि जोड उघडतो. आधी चार दिशांना चार ठिकाणी बसवावं, मग मधला भाग सारखा वाटून दाबत जावं. शक्यतो अखंड गोलच मागवावा. जोड द्यायचाच असेल तर सरळ काप नको, तिरका हवा, आणि बाजारातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तर नकोच. तो सुकून काचेसारखा होतो आणि रबर दबतं तेव्हा ती गाठ दबत नाही. वंगणाचंही तसंच. वाफेच्या दरवाज्याला बहुधा ईपीडीएम रबर असतं. ते वाफेला चांगलं टिकतं, पण खनिज तेलाचं ग्रीस लागलं की फुगतं. आम्ही स्वतः पाहिलं आहे, नवं गॅस्केट 'मऊ राहावं' म्हणून प्रेमाने ग्रीसच्या डब्यात बुडवलेलं. बुडवणारा चांगला माणूस होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जे फुगणारे सील असतात, हवेने फुगून दरवाज्याला बिलगणारे, त्यांचा रोग बहुतेक वेळा रबरात नसून हवेच्या नळीत असतो. सीलमधला दाब टाकीतल्या दाबापेक्षा जास्त असावा लागतो. कॉम्प्रेसरची लाइन कमी पडली, रेग्युलेटर चिकटला, जोड सैल झाला की सील ढिलं पडतं. आणि दरवाजा उघडा असताना 'बघू फुगतं का' म्हणून हवा सोडली तर ते खाचेतून बाहेर येऊन फुटतं. ही गंमत महागात पडते.

आता स्टोअरकडे वळू. इंडेंटवर लिहिलेलं असतं : 'गॅस्केट, रबर, दरवाज्याकरिता, नग ४'. कसलं रबर? नायट्राइल, ईपीडीएम, सिलिकॉन, व्हायटन? कडकपणा किती शोअर? केव्हा बनवलेलं? काही नाही. ७ किलोची वाफ म्हणजे १७० अंश उष्णता. साधं नायट्राइल शंभर-सव्वाशे अंशांपुढे लवकर कडक होतं. पण ते स्वस्त आणि काळं, आणि ईपीडीएमही काळंच. डोळ्यांनी ओळखू येत नाही. पूर्वी टेंडरमध्ये जो सगळ्यांत खाली असेल त्याला ऑर्डर जायची. २०१६ पासून जेम पोर्टल आलं, तरी मागणी अर्धवट लिहिली तर तिथेही सगळ्यांत स्वस्तच पुढे येणार. आलेला माल खिळ्याला टांगतात, उन्हाच्या खिडकीशी, मोटर टेस्टिंगच्या ठिणग्या उडतात त्याच शेडमध्ये. ठिणगीतून ओझोन तयार होतो, तो कित्येक जातींच्या रबराला चिरा पाडतो. म्हणजे गॅस्केट टाकीवर चढण्याआधीच अर्धमेलं झालेलं असतं. काही शे रुपये वाचवले म्हणून खरेदी विभागाची फाइल स्वच्छ, आणि गेलेल्या पाळ्यांचा खर्च शॉपच्या नावावर. या हिशेबाला कुणी चार्जशीट देत नाही.

एक प्रसंग आम्ही आजवर लिहिलेला नाही. पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा आम्ही नुकते ब्रँच सेक्रेटरी झालो होतो. एका शॉपमध्ये रात्रपाळीला अशाच टाकीचा दरवाजा रोज थोडा थोडा फुसफुसायचा. इतका नेमाने, की कुणी तिकडे लक्ष देईनासं झालं. दाब आहे की गेला हे सांगणारी एक लहान कॉक दरवाज्याशी असते. दरवाजा उघडण्याआधी ती उघडायची आणि हवा येते का पाहायचं. ती रेझिनने बुजली होती. दाब असताना लॉक फिरू न देणारा जो खटका असतो, त्याचा स्विच मधूनमधून अडायचा म्हणून तारेने बांधून ठेवला होता. कुणी सांगितलं, कुणी बांधला, याचा पत्ता चौकशीत कधीच लागत नाही. त्या रात्री गेजचा काटा खाली आला, कॉकमधून काही आलं नाही, आणि एरवीची फुसफुस तर चालूच होती, म्हणून ती कुणी मोजली नाही. लॉक अडलं तेव्हा पहारीने रेटलं. शेवटचा दाता सुटला तसं एवढं जड झाकण हातभर उसळलं. वर ठेवलेला पान्हा छताच्या पत्र्याला जाऊन लागला. पहार धरलेला खलाशी नेमका कपाळाचा घाम पुसायला मागे वळला होता. कुणी मेलं नाही, म्हणून कुठेच नोंद नाही. दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याला पडलेला पोचा आम्हांला बोटाने दाखवला गेला, हळू आवाजात.

तेव्हा आम्ही काय केलं? खलाशाला दुसऱ्या सेक्शनला बदली मिळवून दिली आणि आपण मोठं काम केलं असं समजलो. तार सोडवली का, कॉक साफ झाली का, विचारलं नाही. ही आमची चूक आहे आणि ती छापून यावी असं आम्हांला वाटतं. आपण युनियनवाल्यांनी भत्त्यांसाठी भांडणं केली, ओव्हरटाइमसाठी केली, बढतीसाठी केली. ती करायलाच हवी होती. पण पीएनएमच्या इतक्या वर्षांच्या मिनिट्समध्ये 'गॅस्केट' हा शब्द आम्हांला एकदाही सापडला नाही. शोधून पाहिलं.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३१ दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांबद्दलच होतं. भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर १९८७ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला समोर दिसणाऱ्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. या संहितांशी आपलं भांडण आहे आणि ते चालू राहील, तो वेगळा विषय. पण तिच्या कलम १४ मध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला हा हक्क आहे, की जिवाला धोका दिसला तर त्याने मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवावं, आणि मालकाने ताबडतोब उपाय करावा. हक्क कागदावर आहे तर तो वापरला पाहिजे. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणी ऐकलेलं नसतं; म्हणून लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या.

लेखी देऊनही ऐकत नाहीत असंही होतं, आणि ते फक्त आपल्या शॉपमध्ये होतं असं नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सात माणसं गेली. कारण निघालं रॉकेटच्या जोडातली रबराची रिंग. थंडीत ती कडक झाली आणि फट उघडली त्या वेगाने उसळून बसली नाही. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतला रॉजर बॉइसजोली नावाचा इंजिनिअर या रिंगबद्दल १९८५ च्या जुलैमध्येच लेखी इशारा देऊन बसला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्रीही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एवढ्या थंडीत उडवू नका म्हणून विनवलं. वरच्यांनी ऐकलं नाही, कारण उड्डाण आधीच लांबलं होतं. पुढे चौकशी समितीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने सगळ्यांसमोर त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. पेलाभर पाण्यात जे दिसलं ते सांगणारा माणूस आदल्या रात्री त्यांच्याच कचेरीत हजर होता. आऊटटर्नची घाई तिकडेही अशीच असते, फक्त तिथला आकडा मोठा.

तेव्हा या वेळच्या पीएनएमला आम्ही हा विषय आयटम म्हणून देणार आहोत. दाबाखालच्या प्रत्येक दरवाज्याला एक वही असावी आणि ती दरवाज्यावर काम करणाऱ्याच्या हाती असावी. गॅस्केट केव्हा बदललं, गळती कुठे, फट किती, हे त्याने लिहावं आणि साहेबांनी रोज सही करावी. गॅस्केटच्या इंडेंटवर रबराची जात, कडकपणा आणि बनवल्याची तारीख नसेल तर स्टोअरने तो परत पाठवावा. एका जागी लागोपाठ दोन गॅस्केटं गेली तर तिसरं बसवण्याआधी बिजागरी, पाचरी आणि खाच मोजल्याशिवाय टाकी चालू करू नये. खटका बांधलेला आढळला तर टाकी जागच्या जागी बंद, मग गुंडाळी अर्धी भिजलेली असो. आणि गळतीची नोंद करणाऱ्यावर त्याच नोंदीच्या आधारे कारवाई करू नये. या शेवटच्या मुद्द्यावर प्रशासन अडेल असा आमचा अंदाज आहे. बाकीचे मान्य करतील, कारण त्यांना पैसे फार लागत नाहीत.

कंत्राटी मुलांचं वेगळं सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी टाकी साफ करायचं काम आता त्यांच्याकडे आहे. दर सहा महिन्यांनी माणसं बदलतात. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. टाकीत तो भरून राहतो आणि वाकून आत डोकावणारा माणूस आवाज न करता कोसळतो. दरवाजा गळत असेल आणि खोली बंद असेल तर बाहेरही धोका. हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. ते आपल्या युनियनचे सभासद नसतील, पण पहिल्या दिवशी चहाच्या वेळी त्यांना बोलावून एवढं सांगायला सभासदत्वाची पावती लागत नाही.

झाशी, इटारसी, सिकंदराबाद, खरगपूर, जिथे जिथे आपले मराठी बांधव वर्कशॉपमध्ये आहेत त्यांनी आपल्याकडचा अनुभव कळवावा. इस्पितळातले ड्रेसर आणि ओटी असिस्टंट, तुमच्याकडचे निर्जंतुक करायचे ऑटोक्लेव्हही यात आले. सविस्तर पत्र नको, पोस्टकार्ड पुरे. आपले टपालबंधू ते पोचवतील. त्यावर एवढं लिहा : दरवाज्याचा व्यास, कामाचा दाब, गॅस्केट कोणत्या रबराचं म्हणून आलं, वर्षात किती बदलली, आणि बिजागरीला बाराचा आकडा धरला तर गळती घड्याळाच्या कितीवर होते. पीएनएमची तारीख लागण्याआधी ती कार्डं आमच्या टेबलावर हवी आहेत.